वजन तर ठीक आहे, मग शुगर कशी?



माझ्या दवाखान्यात एक प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की त्याचं उत्तर एकदा निवांत लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. प्रश्न असा : "डॉक्टर, मी काही जाड नाही. वीस वर्षांत वजन फार तर सहा-सात किलोनं वाढलं असेल. गोड मला आवडतही नाही. मग मला शुगर कशी काय झाली?" विचारणारा बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासचा असतो. बँकेत, शाळेत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून काम करणारा. हातपाय बारीक, गालफडं बसलेली, आणि शर्टाची खालची दोन बटणं जरा ताणलेली. आवाजात थोडा रागही असतो. शेजारचा शंभर किलोचा माणूस मिसळ हाणतोय आणि त्याची शुगर नॉर्मल, आणि मी असा काटकुळा असून गोळ्या मला! आपल्यावर अन्याय झालाय असं त्याला वाटतं, आणि एका अर्थानं ते खरंही आहे.

हा प्रश्न माझ्या घरातही होता. माझे वडील प्राथमिक शिक्षक. शाळा गावाबाहेर, त्यामुळे नोकरीची पहिली वीसेक वर्षं रोज सायकल. त्यांना कधी कोणी जाड म्हटलं नाही. उलट आजी मरेपर्यंत "पोरगं अंगाला लागत नाही" म्हणायची. मी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना मधुमेह निघाला. वय ४९. पुढे ६३व्या वर्षी बायपास झाली आणि ६८व्या वर्षी ते गेले. शेवटपर्यंत त्यांचं वजन ६२ किलोच्या वर गेलं नाही. पोट मात्र होतं. पोटाकडे तेव्हा आम्ही कोणीच आजार म्हणून पाहत नव्हतो. मास्तरांना नोकरीत कायम झाल्यावर पोट सुटायचंच, ते सुखवस्तूपणाचं लक्षण, असा सगळ्यांचा समज.

त्या काळी शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात चरबीला जेमतेम दीड पान असायचं. शिल्लक अन्न साठवणारी कोठी, थंडीपासून बचाव करणारी गोधडी, आणि अवयवांना धक्का लागू नये म्हणून ठेवलेली उशी, एवढीच तिची कामं. चरबी स्वतः काही करते, काही 'सांगते', असं कोणी शिकवत नव्हतं. मी एम.डी. करत होतो तेव्हा, १९९४च्या डिसेंबरात, हे चित्र बदलायला सुरुवात झाली. ती गोष्ट थोडी विस्तारानं सांगतो, कारण ती समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

अमेरिकेत मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे उंदरांची पैदास करतात. १९४९ साली तिथे एक विचित्र उंदीर जन्मला. तो सतत खायचा, खातच राहायचा, आणि फुगून इतर उंदरांच्या कितीतरी पट झाला. त्याच्या वंशात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिला. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने पुढे त्या वंशातला एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर शस्त्रक्रियेनं एकमेकांना असे जोडले, की एकाचं रक्त दुसऱ्यात जावं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं! म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'आता पुरे' असं सांगणारं काहीतरी होतं, आणि ते लठ्ठ उंदराकडे नव्हतं. ते काहीतरी म्हणजे काय, हे कळायला मात्र १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो जनुक शोधला. त्यातून तयार होणाऱ्या संप्रेरकाला लेप्टिन असं नाव दिलं. ग्रीक भाषेत 'लेप्टॉस' म्हणजे सडपातळ. ते मेंदूत तयार होत नव्हतं, जठरातही नाही. ते तयार होत होतं चरबीच्या पेशींमध्ये. आम्ही जिला कोठी समजत होतो, त्या कोठीत एक कारकून बसलेला होता. माल किती शिल्लक आहे याचा निरोप तो रक्तामार्फत मेंदूला पाठवत होता.

१९९७ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली ही चुलत-आतेच्या नात्यातली भावंडं. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर मुलीची न शमणारी भूक शमली आणि वजन उतरू लागलं. साहजिकच सगळ्यांना वाटलं, लठ्ठपणावरचं इंजेक्शन सापडलं. तसं झालं नाही. आपल्यासारख्या बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतंच, उलट भरपूर असतं. पण मेंदू त्याला दाद देत नाही. घरात आई दिवसभर हाका मारत असेल, तर पोरांना त्या ऐकू येईनाशा होतात, तसंच काहीसं. म्हणून "मला लेप्टिनची टेस्ट लिहून द्या" म्हणत कोणी आलं, तर मी देत नाही. तिचा निकाल कळून तुमच्या उपचारात काही फरक पडत नाही, पैसे तेवढे जातात.

लेप्टिन सापडल्यावर लोकांनी चरबीच्या पेशी खरवडून पाहायला सुरुवात केली आणि एकामागोमाग एक रसायनं सापडत गेली. त्यांतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲडिपोनेक्टिन. हे गुणी संप्रेरक आहे. ते यकृताला आणि स्नायूंना चरबी जाळायला लावतं आणि त्यांना इन्शुलिनचं म्हणणं ऐकायला लावतं. पण त्याची तऱ्हा उलटी आहे. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन मात्र कमी होतं. पेशी फुगून टम्म झाल्या की त्या ते तयार करणंच कमी करतात. आपल्याला ज्याची गरज असते ते नेमकं गरजेच्या वेळी आटतं.

फुगलेल्या पेशी आणखी एक उद्योग करतात. त्यांना रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही मरतात, आणि त्यांची विल्हेवाट लावायला पांढऱ्या पेशींपैकी मॅक्रोफेज नावाच्या सफाई कामगार पेशी तिथे गोळा होतात. चरबीत अशी गर्दी होते हे २००३ साली नीट दाखवलं गेलं. जखमेत जसा दाह असतो, तसा हा बारीक दाह, पण न दुखणारा, न सुजणारा. त्या दाहातून बाहेर पडणारी रसायनं (टी.एन.एफ. अल्फा हे त्यांतलं एक) इन्शुलिनच्या कामात खोडा घालतात. तुमच्या रिपोर्टमध्ये सी.आर.पी. किंचित वाढलेला दिसतो आणि डॉक्टर म्हणतात "इन्फेक्शन तर काही नाही", तेव्हा अनेकदा कारण पोटातल्या चरबीत असतं.

आता इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय ते पाहू. हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे, पण अर्थ विचारला तर गडबड होते. इन्शुलिनचं काम फक्त साखर उतरवणं एवढंच नाही. जेवल्यावर ते तीन ठिकाणी तीन आदेश देतं. स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. यकृताला सांगतं, आता बाहेरून साखर आली आहे, तू तयार करून पाठवू नकोस. आणि चरबीला सांगतं, तुझा माल बाहेर सोडू नकोस, उलट आत भर. रेझिस्टन्स म्हणजे हे आदेश बहिऱ्या कानांवर पडणं. मग स्वादुपिंड आवाज चढवतं, म्हणजे जास्त इन्शुलिन सोडतं. दुप्पट, तिप्पट. आवाज चढवल्यावर काम होतं, त्यामुळे साखर नॉर्मलच राहते. अशी पाच वर्षं जातात, कोणाची पंधरा. या काळात तुम्ही दरवर्षी उपाशीपोटीची शुगर तपासता, ९२, ९५, ९४ असे आकडे येतात, आणि तुम्ही निर्धास्त असता. एके दिवशी स्वादुपिंड थकतं. साखर वाढलेली दिसते ती त्या दिवसापासून. पेशंटला वाटतं आजार काल झाला.

मग या बहिरेपणाचा पोटाशी काय संबंध? चरबी कुठे आहे, यावर सगळा खेळ आहे. हे पहिल्यांदा ठामपणे सांगितलं मार्सेय शहरातल्या जाँ व्हाग या फ्रेंच डॉक्टरने, १९४७ साली. मांड्या-नितंबांवर चरबी असलेल्या स्थूल माणसांपेक्षा धडावर आणि पोटावर चरबी असलेल्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार जास्त होतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याकडे तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. पोटाच्या चरबीतही दोन प्रकार आहेत. चिमटीत धरता येते ती कातडीखालची. ती दिसायला वाईट, पण स्वभावानं बरीचशी गरीब. दुसरी स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती, पडद्यासारखी पसरलेली असते. ती चिमटीत येत नाही. बारीक हातपाय आणि मडक्यासारखं घट्ट, गोल पोट असतं ना, तिथे बहुधा ही आतली चरबी असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं आणि दाहाची रसायनं पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साठू लागते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' लिहून येतं आणि "ते आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून कागद फाइलला लागतो. मला विचाराल तर त्या कागदावरची ती सगळ्यात महत्त्वाची ओळ असते.

इथे एक शंका येईल. पोटावरची चरबी काढूनच टाकली तर? लायपोसक्शनने? हा प्रयोग झालेला आहे. २००४ साली अमेरिकेत १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सरासरी दहा किलोच्या आसपास चरबी शोषून काढली. कंबर कमी झाली. इन्शुलिनचं काम मात्र तिळभरही सुधारलं नाही, दाहही कमी झाला नाही, ॲडिपोनेक्टिन वाढलं नाही. कारण काढली ती कातडीखालची चरबी. आणि उरलेल्या पेशी होत्या तशाच फुगलेल्या राहिल्या. याच्या उलट टोकाला लिपोडिस्ट्रॉफी हा दुर्मिळ आजार आहे. त्यात माणसाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. अशी माणसं निरोगी असावीत असं वाटेल, पण त्यांना अतितीव्र मधुमेह होतो आणि यकृत चरबीनं भरून जातं.

म्हणजे चरबी ही शत्रू नाही. मी पेशंटना कणगीचं उदाहरण देतो, सांगली भागात ते लगेच पटतं. कातडीखालची चरबी ही कणगी. धान्य कणगीत आहे तोवर घर नीट. कणगी भरली, तरी धान्य येतच राहिलं, तर ते जमिनीवर, माजघरात, चुलीपाशी सांडायला लागतं. उंदीर होतात. सांडलेलं धान्य म्हणजे पोटाच्या आतली, यकृतातली, स्नायूंमधली चरबी. ज्याच्याकडे पेव आहे, तो कितीही धान्य साठवेल. तो आपला शंभर किलोचा, शुगर नॉर्मल असलेला शेजारी. (अर्थात पेवही कधीतरी भरतं, आणि गुडघे, घोरणं, बी.पी. यांतून त्याची सुटका नाहीच.) ज्याची कणगीच लहान, त्याला चार पोती जास्त झाली तरी सांडतं.

आणि आपली, म्हणजे भारतीयांची, कणगी लहान आहे. हे पुण्यातच चांगलं दाखवलं गेलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक गाजलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिनांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच मोजत होता. पुण्याजवळच्या सहा गावांत याच मंडळींनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं लहान, त्यांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. 'थिन-फॅट' असं त्यांनी या ठेवणीला नाव दिलं. म्हणजे जन्मताच आपण असे येतो. माझे वडील १९४० च्या दशकात दुष्काळी तालुक्यात जन्मले. ते किती वजनाचे जन्मले हे कोणी मोजलं नसणार, पण मला अंदाज आहे.

म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, त्या पेशंटला वाटणारा अन्याय एका अर्थानं खरा आहे. तुमचं वजन युरोपीय माणसाच्या हिशेबात 'ठीक' असतं. तुमच्या कणगीच्या हिशेबात ते आठ किलो जास्त असतं. २०२३ साली आय.सी.एम.आर.च्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले : मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त, त्याच्या उंबरठ्यावरचे १३ कोटींहून जास्त, आणि सुटलेल्या पोटाचं प्रमाण प्रौढांत ३९.५ टक्के. एकूण स्थूलता २८.६ टक्के होती. म्हणजे जाड माणसांपेक्षा पोट असलेली माणसं आपल्याकडे जास्त आहेत!

साखर नॉर्मल असतानाच्या त्या मुक्या वर्षांत शरीर काही खुणा दाखवत असतं. त्यांतली एक बायकांना आधी दिसते आणि चुकीची समजली जाते. मध्यंतरी एक आई तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तक्रार पाळीची, दोन-दोन, तीन-तीन महिने येत नव्हती. तपासताना मुलीनं ओढणी मानेभोवती घट्ट धरून ठेवली होती. सोडायला सांगितली तर डोळ्यांत पाणी. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा, आणि त्यावर घासून घासून उठलेले लाल ओरखडे. आई म्हणाली, "अंघोळीचा आळस करते हो. मी रोज लिंबू आणि दगडानं घासते, तरी मळ निघत नाही." तो मळ नव्हता. वाढलेल्या इन्शुलिनमुळे कातडीच्या पेशी जास्त वाढतात, त्याला अकॅन्थोसिस म्हणतात. मान, काखा, कधी बोटांचे सांधे. जास्तीचं इन्शुलिन बीजांडकोशांवरही परिणाम करतं, पाळी त्यामुळेच बिघडलेली. मुलीची शुगर अगदी नॉर्मल होती. मी आईला एवढंच सांगितलं, की आधी घासणं बंद करा आणि तिला अस्वच्छ म्हणणं बंद करा. बाकीचं वजनाचं, खेळण्याचं, गोळ्यांचं नंतर बोललो. तुमच्या घरात अशी मान असलेलं पोर असेल तर साबण बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी खूण रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये असते. लिपिड प्रोफाइलमध्ये सगळे कोलेस्टेरॉलकडे पाहतात. तुम्ही ट्रायग्लिसराइड आणि एच.डी.एल. या दोन ओळी पाहा. पहिली १५०च्या वर आणि दुसरी पुरुषात ४०च्या, बाईत ५०च्या खाली असेल, तर इन्शुलिनचं ऐकलं जात नाहीये असं समजायला हरकत नाही. सोबतीला बी.पी. थोडं वाढलेलं. १९८८ साली जेराल्ड रीव्हन या डॉक्टरांनी हा सगळा गोतावळा एकत्र बांधून त्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं, आज आपण मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतो. उपाशीपोटीचं इन्शुलिन मोजण्याचं एक फॅड सध्या आहे. प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा थोडा वेगळा येतो, आणि जे टेप सांगते तेच बहुतेक वेळा ते सांगतं.

माझं स्वतःचं सांगतो. मी ५४ वर्षांचा, उंची १६८ सें.मी. चार वर्षांपूर्वी वजन ६६ किलो, कंबर ९५ सें.मी., ट्रायग्लिसराइड २१२ आणि एचबीए१सी ६.०. वडिलांचा इतिहास समोर, आणि वयही त्यांच्या निदानाच्या वयाच्या पुढे गेलेलं. रिपोर्ट हातात घेऊन दवाखाना बंद झाल्यावर बराच वेळ बसलो होतो. घाबरलो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी तेव्हा बारावीला होती.

काय केलं? पोटाचे व्यायाम केले नाहीत. पोट आत-बाहेर करून किंवा कंपनाचा पट्टा बांधून तिथलीच चरबी जात नाही. शरीर कुठून चरबी काढायची ते स्वतः ठरवतं. पण सुदैवानं, माणूस चालू लागला आणि थोडं वजन उतरलं, की आतली चरबी इतर चरबीच्या मानानं लवकर जाते. काटा दोन किलो दाखवतो तेव्हा आत त्याहून मोठं काम झालेलं असतं. मी रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं चालायला सुरुवात केली. चालणारे स्नायू इन्शुलिनच्या आदेशाविनाही साखर आत घेतात. बहिऱ्या माणसाला हाक मारण्याऐवजी हात धरून उठवावं तसं. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर, आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. आपल्याकडे मुळातच स्नायू कमी, त्यामुळे हे चालण्याइतकंच महत्त्वाचं. पन्नाशी-साठीतल्या बायकांना तर मी हे आवर्जून सांगतो, कारण पाळी गेल्यावर मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकते.

खाण्यात फार क्रांती केली नाही. दिवसाचे पाच चहा होते, सगळे साखरेचे, पेशंटच्या मध्ये मध्ये. ते दोन झाले, बिनसाखरेचे. संध्याकाळचा चिवडा-फरसाण बंद. ताटात भात होता त्याच्या निम्मा, आणि त्या जागी उसळ, अंडं किंवा दही. एकादशीची साबुदाणा खिचडी आमच्या घरी अजून होते. मी वाटीभरच घेतो. झोप हा मुद्दा मी फार मनावर घेतला. रात्री पाच तास झोपणाऱ्याचं लेप्टिन उतरतं, भुकेचं संप्रेरक चढतं, आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआप वड्याकडे जातो. वर्षभरात वजन ६३ झालं, कंबर ८९, ट्रायग्लिसराइड १४८, एचबीए१सी ५.६. एच.डी.एल. मात्र होतं तिथंच आहे, ३८. ते हलत नाही. जनुकांचा वाटा असतो तो असतो.

तीन किलोनं एवढं होतं का, असं वाटेल. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चालणं आणि आहार यांनी मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. अमेरिकेतल्या २००२च्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय होतं, तिथे ५८ टक्क्यांनी कमी झालं. आधीच मधुमेह झालेल्यांनाही वाट बंद नाही. ब्रिटनमधल्या २०१७ सालच्या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या ज्या लोकांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोक औषधाशिवाय राहू शकले. आपल्या काटकुळ्या पेशंटला १५ किलो उतरवणं शक्य नाही आणि करूही नये. आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता खाणं एकदम तोडू नका, साखर धोकादायक उतरू शकते.

औषधांबद्दल एक गंमत सांगतो. पायोग्लिटाझोन नावाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती घेतल्यावर वजन थोडं वाढतं, तरी इन्शुलिन चांगलं काम करू लागतं! कारण ती कातडीखालची कणगी मोठी करते, सांडलेलं धान्य आतून उचलून तिथे नेऊन ठेवते, आणि ॲडिपोनेक्टिन वाढवते. (पायाला सूज, हृदयाची कमजोरी असेल तर ती चालत नाही, म्हणून मनानं घेऊ नका.) आठवड्यातून एकदा घ्यायची वजन उतरवणारी इंजेक्शनं आता आपल्याकडेही आली आहेत. ती प्रभावी आहेत. पण त्यांच्याबरोबर स्नायूही उतरतात, आणि थांबवल्यावर बहुतेकांचं वजन परत येतं. लग्नाच्या आधी चार महिने घ्यायची ती गोष्ट नाही.

आता टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप हवी. सकाळी, पोट रिकामं असताना, बनियन काढून, पाय थोडे फाकवून उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हातानं शोधा. दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा. श्वास सहज बाहेर सोडा, पोट आत ओढू नका, टेप रुतवू नका. पुरुषांना ९० सें.मी. आणि बायकांना ८० सें.मी. ही आपली मर्यादा. "माझ्या पॅन्टचा नंबर कॉलेजपासून ३४च आहे" असं पुरुष मला अभिमानानं सांगतात. पोट वाढलं की पॅन्ट पोटाच्या खाली सरकते, नंबर तोच राहतो. पॅन्टवर विश्वास ठेवू नका.

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. वडिलांची ठेवण त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त उतरली आहे, आणि तो ४९ वर्षांचा आहे. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. गेल्या रविवारी त्यानं फोटो पाठवला. टेपवर ९१. टेप शर्टावरून गुंडाळली होती आणि बेंबीच्या चार बोटं वर धरली होती. मी त्याला शर्ट काढून पुन्हा मोजायला सांगितलंय, आणि लिपिड प्रोफाइल करून रिपोर्ट घेऊन ये म्हटलंय. शनिवारी येतो म्हणालाय.